जिन्यातल्या खुर्चीबाबत

या, असे जवळ या. मागे बसलेल्यांनी पुढे सरकावं, पुढे बसलेल्यांनी गुडघे आवरावेत, म्हणजे सगळ्यांची सोय होते. आज तुम्हाला एका खुर्चीचं आख्यान सांगणार आहे. खुर्ची अगदी साधी, लाकडाची. पाठीला दोन आडव्या पट्ट्या आणि मागचा डावा पाय बोटभर आखूड. पण तिनं आमच्या इमारतीत जे घडवलं ते ऐकाल तर घरी जाऊन आधी आपापल्या खुर्च्या मोजाल.

सुरुवात झाली कीर्तनापासून. म्हणजे कीर्तन न ऐकण्यापासून. दर गुरुवारी संध्याकाळी चौकातल्या सभागृहात बुवांचं कीर्तन असतं, आणि पहिल्या रांगेतली कोपऱ्यातली जागा माझी. तिच्यावर माझं नाव लिहिलेलं नाही, पण तिथे दुसरं कुणी बसलं की मी खोकतो आणि ते उठतात. त्या इमारतीत सभागृहं दोन, एक वर आणि एक खाली. त्या गुरुवारी कीर्तन वरून खाली नेलं होतं आणि तशी पाटीही लावली होती. पण पाटी वाचायला जवळचा चष्मा लागतो, आणि कीर्तनाला जाताना मी तो नेत नाही. बुवा ऐकायचे असतात, वाचायचे नसतात.

वर गेलो. अंधार होता. वाटलं, वीज गेली असेल, बुवा अंधारातही गातील, त्यांचं तेवढं आहे. इतक्यात समोरचा पडदा उजळला आणि त्यावर एक टकले गृहस्थ नाकातून काहीतरी बोलू लागले. मी म्हटलं, पूर्वरंग जरा वेगळाच घेतलाय आज.

तुम्ही म्हणाल, कळल्यावर उठायचं की! अहो, उभ्या जन्मात मी आख्यान चालू असताना उठलेलो नाही. उठणाऱ्याकडे बुवा ज्या नजरेनं बघतात ती मला ठाऊक आहे. आणि इथे तर तो टकला माणूस भिंतीएवढ्या तोंडानं थेट माझ्याकडेच बघत होता. कसा उठणार? बसलो.

नंतर कळलं, तो फ्रेंच चित्रपट होता. एका चित्रपट मंडळाचा. त्या मंडळाकडे तो एकच चित्रपट असल्यामुळे त्या दिवसापासून दोन महिने दर गुरुवारी तोच दाखवणार होते. मारामारी नाही, पाठलाग नाही, नुसता माणसाचा स्वभाव. पडद्याच्या तळाशी आपल्या भाषेत अक्षरं येत होती म्हणे, मला ती मुंग्यांच्या रांगेसारखी दिसली. पण भाव असला की भाषा कशाला हवी? सगळं समजलं. तो टकला पियानोचे सूर लावणारा होता. दिवसभर दुसऱ्यांच्या घरी सूर लावायचा आणि स्वतःच्या खोलीत आला की चिडीचूप. संध्याकाळी टेबलावर दोन कप मांडायचा, एक प्यायचा आणि दुसऱ्याकडे बघत बसायचा.

आता माझं ऐका. ही गेल्याला दोन वर्षं झाली, तरी संध्याकाळी पाचला माझ्याकडून चहा दोन कप होतो. हाताला अजून सांगितलेलं नाही कुणी. एक मी पितो. दुसरा तासभर ठेवतो आणि मग मोरीत ओततो, तेही "माफ कर हं" म्हणून. कुणाला म्हणतो, मला माहीत नाही.

तर त्या टकल्यानं एक दिवस काय करावं? एक खुर्ची उचलली, दाराबाहेर जिन्यात ठेवली, दार उघडं टाकलं आणि आत बसून वाट बघू लागला. मी श्वास रोखला. कोण येणार? कोण बसणार? आणि नेमका तेव्हाच माझ्या खांद्यावर बॅटरीचा उजेड पडला.

"काका, तुमचा कार्यक्रम खाली आहे."

खाली पोचेपर्यंत बुवा शेवटच्या प्रार्थनेला आले होते. थोडक्यात, त्या दिवशी मला ना धड वरच्या गोष्टीचा शेवट मिळाला, ना खालच्या. पण रस्ताभर ती खुर्ची डोक्यातून जाईना. देव एखादी गोष्ट बुवांच्या तोंडून सांगतो, एखादी टकल्याकडून. सांगायचं ते सांगतोच.

दुसऱ्या दिवशी पाचला मी आमची खुर्ची बाहेर मांडली, दार उघडं टाकलं, दोन कप ओतले आणि बसलो.

आता आमचा जिना कसा आहे ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. दुसऱ्या मजल्यावर दोनच दारं, एक माझं आणि एक समोरच्यांचं. समोरचे आठ महिन्यांपूर्वी राहायला आले. एकटे. कुणाशी बोलत नाहीत. सकाळी साडेसहाला त्यांचं दार चार बोटं उघडतं, एक हात बाहेर येतो, दुधाची पिशवी उचलतो आणि आत जातो. हातावर जुनं घड्याळ, उलट्या बाजूनं बांधलेलं. आठ महिन्यांत मी त्यांना मनगटापर्यंतच ओळखत होतो.

पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या हेडबाई भाजीची पिशवी घेऊन वर चढता चढता थांबल्या. बाईंना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण अजून त्या जिना चढल्या की वर्गात शिरल्यासारखं वाटतं.

"खुर्ची टाकून द्यायची आहे का?"

"नाही हो बाई, बसायला ठेवलीय."

"कुणाला?"

"कुणालाही."

"कुणालाही म्हणजे कुणालाच नाही. पाटी लावा."

मी पाटी लावली. 'बसा.' बाई संध्याकाळी पुन्हा आल्या. "हे काय? वर्गात दंगा चालल्यावर ओरडतात तसं वाटतंय. निदान कृपया तरी घाला." मी 'कृपया' घातलं. तेवढ्यात तळमजल्यावरचे विमेवाले वर आले. ह्या माणसाच्या तोंडावर कुणी अजून दार लावू शकलेलं नाही, कारण त्यांचा पाय आधी आत असतो. ते म्हणाले, "काका, कृपया बसा म्हटलं की गिऱ्हाईक घाबरतं. त्याला वाटतं, बसलो की काहीतरी गळ्यात मारणार. आधी भीती काढा." आणि त्यांनी स्वतःच्या पेनानं खाली लिहिलं, 'विनामूल्य'.

त्या एका शब्दानं काय केलं ते पुढे येईलच. आधी मूळ पदावर येतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दाराखालून एक कागद आत सरकला. मोत्यासारखं अक्षर, डावीकडे दोन बोटं समास, आणि खाली कुणालाही वाचता येऊ नये अशी सही.

"विषय : जिन्यातील खुर्चीबाबत. महोदय, आपल्या दाराबाहेर एक खुर्ची निदर्शनास आली आहे. सदर खुर्ची रिकामी असताना निम्नस्वाक्षरीकाराच्या दाराकडे तोंड करून असते. सबब ती पाहत असल्याचा भास होतो. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी. आपला विश्वासू, समोरील रहिवासी."

मला राग आला. यायलाच हवा होता. एक निरुपद्रवी खुर्ची आणि तिच्यावर बघण्याचा आळ! पण खरं सांगू? मी एकतीस वर्षं कचेरीच्या जावक विभागात काढली. हजारो पत्रांना क्रमांक घातले, पाकिटं चिकटवली, रवाना केली. एवढ्या वर्षांत माझ्यासाठी असं पत्र एकही आलं नव्हतं. हे पहिलं. मी ते तीनदा वाचलं, चौथ्यांदा मोठ्यानं वाचलं, आणि मग कपाटातून जुनी वही काढून तिच्यावर 'जावक' असं लिहिलं.

"जावक क्र. १. आपल्या पत्राची पोच देण्यात येत आहे. सदर खुर्ची एका फ्रेंच चित्रपटाच्या आधारे, सद्हेतूने ठेवण्यात आली आहे. तथापि आपल्या भावनांचा विचार करून ती भिंतीकडे अंशतः वळविण्यात आली आहे. आपणही त्यावर बसू शकता. चहा असतो."

दुसऱ्या दिवशी उत्तर हजर. "अंशतः वळविल्यामुळे खुर्ची आता रुसल्यासारखी दिसते. चहाचा मुद्दा या विषयाशी संबंधित नाही." मी लिहिलं, "रुसवा दूर करण्यात आला आहे." त्यांनी लिहिलं, "खुर्चीचा एक पाय आखूड असून कोणी बसताच टक असा आवाज होतो. काल पाच ते साडेपाच या वेळेत चौदा टक मोजण्यात आले." मी पायाखाली कागदाची घडी घातली आणि तसं कळवलं. कोणता कागद, हेही नमूद केलं. त्यांच्या पहिल्या पत्राची मी उतरवून घेतलेली प्रत. मूळ पत्र घालवत नसतो आम्ही जावकवाले.

मला वाटतं, त्या आठवड्यात मी सकाळी साडेसहाच्या आधीच उठून दाराशी बसत होतो. चपलांना पॉलिश करण्यासाठी.

आता 'विनामूल्य'कडे वळू. एक पार्सलवाला जिना चढून दमला आणि खुर्चीवर टेकला. त्याच्या मागून येणाऱ्या एक बाई त्याला बसलेला बघून उभ्या राहिल्या. त्यांच्या मागून आलेल्यानं विचारलं, "काय देतात हो इथे?" बाई म्हणाल्या, "माहीत नाही. पण फुकट आहे." झालं! तिसऱ्या दिवशी रांग पहिल्या मजल्यापर्यंत गेली, पाचव्या दिवशी फाटकाबाहेर. विमेवाल्यांनी जुनं कॅलेंडर कापून त्यातल्या तारखांचे नंबर वाटायला घेतले. त्यामुळे एकतीसनंतर पुन्हा एक यायचा आणि दोन एक नंबरवाल्यांची जुंपायची. हेडबाई कठड्याशी उभ्या राहून "एका ओळीत! बोलायचं नाही!" असं ओरडायच्या. बाईंचा चेहरा मी इतका टवटवीत कधी पाहिला नव्हता.

बरं, बसून लोक काय करत होते? काही नाही! बसायचे, इकडेतिकडे बघायचे, "झालं का?" असं स्वतःलाच विचारायचे आणि समाधानानं उठायचे. एका गृहस्थांनी तर मला सांगितलं, "गुडघ्याला फरक आहे." रांगेत लोकांच्या ओळखी झाल्या. दोन जुने मित्र चाळीस वर्षांनी भेटले. दुसऱ्या पायरीवरच्या मुलीचं आणि सहाव्या पायरीवरच्या मुलाचं लग्न तिथेच ठरलं. सगळ्या गावाला जिन्यात माणसं मिळाली. आणि मी दारात दोन कप घेऊन उभा! "चहा घेणार का?" म्हटलं की लोक म्हणायचे, "काका, मधे घुसू नका."

एकदा तर दुकानातून परत आलो, तर खाली अडवलं.

"नंबर?"

"अहो, मी इथेच राहतो."

"सगळे असंच सांगतात."

तेवीस नंबर घेतला. पाऊण तासानं माझ्याच दाराशी पोचलो आणि आता आलोच आहे म्हणून माझ्याच खुर्चीवर बसलो. टेकतोय तोच मागचा चोवीस नंबर म्हणाला, "आटपा आजोबा, आम्हाला काही कामं आहेत की नाहीत?" मान खाली घालून उठलो. आत जाऊन दोन्ही कप मोरीत ओतले.

त्या शुक्रवारी मोठं पत्र आलं, तीन पानी. सोबत सभागृहाच्या तिकिटाचा अर्धा तुकडा टाचणीनं लावलेला.

"आपण आधार म्हणून नमूद केलेला चित्रपट निम्नस्वाक्षरीकाराने काल समक्ष जाऊन तपासला. सदर इसमाने खुर्ची दाराबाहेर ठेवली हे खरे आहे. तथापि तिचे कारण खुर्चीत ढेकूण झाले हे असून, तसे तळाशी येणाऱ्या अक्षरांत स्पष्ट नमूद आहे. कोणी येऊन बसावे असा उद्देश कोठेही आढळत नाही. सबब आपला आधार ग्राह्य धरता येत नाही. चित्रपटाचा शेवट या विषयाशी संबंधित नसल्याने नमूद केलेला नाही."

ढेकूण! मी भिंतीला टेकून बसलो. जी खुर्ची रस्ताभर माझ्या डोक्यातून गेली नव्हती, तिच्यात ढेकूण! वही उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. आणि मग एकदम लक्षात आलं. आठ महिने मनगटाच्या पुढे बाहेर न आलेला माणूस चौकापर्यंत चालत गेला होता. तिकीट काढून, अंधारात बसून, पूर्ण चित्रपट बघून आला होता. कशासाठी? तर माझं खोटं ठरवण्यासाठी. माझ्यासाठी एवढं कुणी केलं नव्हतं हो.

मी लिहिलं, "जावक क्र. ९. ढेकणांबाबत नोंद घेतली. शेवट मात्र कळवावा ही विनंती."

त्याचं उत्तर यायच्या आत अग्निसुरक्षावाले साहेब आले. फाटकातल्या रांगेला वैतागून आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी कळवलं होतं. साहेब दोन मजले चढून आले, धापा टाकत खुर्चीवर बसले आणि मांडीवर फायली ठेवून म्हणाले, "ही खुर्ची जिन्यातला अडथळा आहे. ती आता उचलली जाईल."

सेक्रेटरी म्हणाले, "साहेब, तुम्ही उठलात तर उचलू."

"पंचनामा लिहून झाल्याशिवाय कसा उठू? आणि उभ्यानं कसा लिहू?" साहेबांनी फॉर्म काढला. "अडथळ्याचं स्वरूप. स्थिर की हलतं?"

त्यांनी खुर्ची हलवून पाहिली. कागदाची घडी निसटली आणि टक असा आवाज झाला.

"हलतं. मग हा फॉर्म चालत नाही."

ते परत गेले. दुसरा फॉर्म घेऊन आले, तर त्यात लिहिलं होतं की हलतं असल्यास अडथळा स्वतःहून बाजूला होण्याची मुदत द्यावी. खुर्चीला तीन दिवसांची मुदत दिली. ती स्वतःहून हलली नाही. तिसऱ्या खेपेला रांगेनंच साहेबांना फाटकात अडवलं आणि सात नंबर दिला. अखेर खुर्ची जप्त झाली, तिच्या पाठीला सोसायटीचा शिक्का मारलेला कागद बांधला गेला आणि ती ऑफिसात गेली. आता तिच्यावर सेक्रेटरी बसतात.

जिना मोकळा झाला. आणि पत्रंही थांबली.

तक्रारच उरली नाही, तर तक्रारदार काय लिहिणार? सहा दिवस गेले. आठ गेले. साडेसहाला हात यायचा, पिशवी न्यायचा. मी दाराशी चपला घासत बसायचो, त्या आरशासारख्या झाल्या होत्या. दाराखालून काही यायचं नाही. काही उपद्रव करावा म्हणून एके दुपारी मी मुद्दाम पातेलं पाडलं. पण मी जन्माचा हळू माणूस, ते पायपुसण्यावरच पडलं. गुरुवारी कीर्तनाला गेलो, बुवा काय गायले ते आठवत नाही. मनात एकच मागणं केलं, देवा, त्या गृहस्थांना माझा थोडा त्रास होऊ दे.

बाराव्या दिवशी सकाळी कागद सरकला.

"विषय : उपद्रवाच्या अभावाबाबत. महोदय, दिनांक चारपासून आपणाकडून कोणताही उपद्रव झाल्याचे आढळून येत नाही. टक आवाज नाही. पत्र नाही. याचे कारण समजून येत नाही. आपली प्रकृती कशी आहे, याचाही बोध होत नाही. तरी तातडीने लेखी खुलासा करावा."

मी खुलासा लिहायला बसलो. पाच मसुदे फाडले. 'प्रकृती ठीक आहे' हे खरं नव्हतं आणि 'ठीक नाही' हेही नव्हतं. शेवटी एवढंच लिहिलं, "लेखी खुलासा जमत नाही. समक्ष सुनावणी ठेवावी. वेळ संध्याकाळी पाच. स्थळ आपण ठरवाल ते." आणि कागद त्यांच्या दाराखाली सरकवून, पाय न वाजवता परत आलो.

पाच वाजले. दोन कप ओतले, दार उघडलं. समोरचं दार चार बोटं उघडलं. मनगट आलं, मग कोपर, मग खांदा. आणि मग अख्खा माणूस. उंच, किरकोळ, कडक इस्त्रीचा शर्ट गळ्यापर्यंत बंद. काखेत एक घडीची खुर्ची. त्यांनी ती दोन दारांच्या बरोबर मध्यावर मांडली, एक पाऊल मागे जाऊन अंतर बघितलं, दोन बोटं माझ्याकडे सरकवली आणि बसले. मी आतून एक स्टूल आणलं. खिशातून त्यांनी कागद काढला.

"मुद्दा एक," ते म्हणाले. आवाज घोगरा होता, बऱ्याच दिवसांत न वापरल्यासारखा. मग घसा साफ केला. कागद बघितला. घडी घालून परत ठेवला. "चहा संबंधित नाही असं मी लिहिलं होतं."

"हो. पत्र क्रमांक दोन."

"ते मागे घेतो."

मी कप पुढे केला. त्यांनी घेतला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या कपाला कुणाचे तरी ओठ लागले आणि मला एकदम जिन्याच्या छतावरचं जळमट बघावंसं वाटलं.

"साखर कमी आहे," ते म्हणाले.

"लेखी द्या," मी म्हणालो.

ते हसले असावेत. नक्की सांगता येत नाही, चेहऱ्याला सवय नव्हती.

"आपण नोकरीला कुठे होतात?" मी विचारलं.

"रेकॉर्ड रूममध्ये. तळघरात. कागद खाली यायचे, माणसं येत नसत."

त्यांनी एक घोट घेतला, मी एक. वरून हेडबाई उतरत होत्या. त्या मधल्या पायरीवर थांबल्या, दोघांकडे बघितलं आणि ज्या बाई गेली बारा वर्षं "बोलायचं नाही" एवढंच म्हणत आल्यात, त्या म्हणाल्या, "बोला, बोला," आणि पाय न वाजवता परत वर गेल्या.

"शेवट कळवायचा राहिला," मी म्हटलं. "त्या टकल्याचं काय झालं? बसलं का कुणी खुर्चीवर?"

त्यांनी कप खाली ठेवला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"शेवटची अक्षरं वाचता आली नाहीत. त्या सभागृहात दमट फार आहे. चष्म्यावर पाणी आलं."

"आणि लोक?"

"त्यांनाही दमट झालं होतं. रुमाल काढत होते." ते जरा थांबले. "परत तपासावं लागेल. या गुरुवारी शेवटचा खेळ आहे."

"मी चष्मा आणीन," मी म्हटलं. "जवळचा."

"पण गुरुवारी आपलं खाली कीर्तन असतं ना?"

मला कधी सांगितल्याचं आठवेना. आठ महिने समोरच्या दारातूनही कुणीतरी मोजत होतं तर!

"बुवांना रजेचा अर्ज देतो," मी म्हटलं.

"मसुदा मला दाखवा," ते म्हणाले आणि कप पुढे केला. "अजून आहे का?"

तर मंडळी, आख्यान इथे संपलं. आता उठताना एक मागणं आहे, ते ऐकून मग चपला शोधा. माझी आठवण नाही ठेवलीत तरी चालेल, मला आता रोज एक पत्र येतं. पण तुमच्याही दारासमोर एक दार असेल, आणि सकाळी तेही चार बोटं उघडत असेल. त्या मनगटाची तेवढी आठवण ठेवा.